वैद्यकीय आनुवंशिकी प्रयोगशाळा संचालक

वैद्यकीय आनुवंशिकी प्रयोगशाळा संचालक म्हणजे रुग्णाचे रक्त, गर्भजल, अस्थिमज्जा किंवा ऊतींच्या नमुन्यांवर होणाऱ्या गुणसूत्रीय, जनुकीय व चयापचयविषयक चाचण्यांची जबाबदारी घेणारी आणि त्यांच्या अहवालावर अंतिम स्वाक्षरी करणारी तज्ज्ञ व्यक्ती होय. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आदी देशांत या पदासाठी ठरावीक प्रशिक्षण आणि मंडळाची परीक्षा आवश्यक मानली जाते. भारतात वैद्यकीय आनुवंशिकी ही अतिविशेषज्ञ शाखा म्हणून शिकवली जाते. मात्र प्रयोगशाळा चालवणाऱ्या शास्त्रज्ञासाठी अमेरिकेप्रमाणे स्वतंत्र राष्ट्रीय प्रमाणन मंडळ कायद्याने स्थापन झालेले नाही. येथे ही अर्हता विद्यापीठीय पदवी, अनुभव, गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदान तंत्रविषयक कायदा आणि प्रयोगशाळा मानांकन यांच्या एकत्रित चौकटीतून ठरते.

सातारा जिल्ह्यातील माण तालुका व त्याला लागून असलेला सांगली जिल्ह्याचा आटपाडी परिसर यांसारख्या दुष्काळी ग्रामीण भागातील रुग्णांचे नमुने पुणे, मुंबई किंवा त्याहून दूरच्या शहरांत तपासले जातात. रुग्णाचे कुटुंब आणि अहवाल देणारा तज्ज्ञ यांची भेट बहुधा होतच नाही. त्यामुळे स्वाक्षरी करणाऱ्याची पात्रता हा प्रश्न अशा भागात विशेष महत्त्वाचा ठरतो.

कामाचे स्वरूप

रक्तातील साखर किंवा हिमोग्लोबिन यांसारखी चाचणी पुन्हा करता येते व तिचा निष्कर्ष काळानुसार बदलतो. आनुवंशिक चाचणीचा निष्कर्ष मात्र सहसा आयुष्यभरासाठी असतो. तो केवळ रुग्णापुरता न राहता आईवडील, भावंडे व पुढील अपत्ये यांनाही लागू होतो. या कारणाने संचालकाचे काम यंत्रावरील आकडे तपासण्यापुरते मर्यादित नसते. त्याच्या जबाबदाऱ्या ढोबळमानाने पुढीलप्रमाणे असतात :

१. डॉक्टरने मागितलेली चाचणी रुग्णाच्या लक्षणांना योग्य आहे की नाही हे पाहणे.
२. नमुना योग्य नळीत, योग्य वेळेत व योग्य व्यक्तीचा आला आहे याची खात्री करणे.
३. नवी चाचणी रुग्णांसाठी सुरू करण्यापूर्वी तिची अचूकता पडताळणे.
४. आढळलेल्या बदलाचा अर्थ लावणे व अहवाल लिहिणे.
५. तंत्रज्ञांचे प्रशिक्षण, अंतर्गत गुणवत्ता नियंत्रण आणि बाह्य तुलनात्मक चाचण्यांत सहभाग.
६. संमतिपत्रे, नोंदी व गोपनीयता यांचे पालन.

नमुन्याची हाताळणी हा यांपैकी वरवर साधा, परंतु निर्णायक भाग आहे. गुणसूत्र तपासणीसाठी जिवंत पेशी लागतात. त्यासाठी रक्त हेपॅरिन असलेल्या नळीत घ्यावे लागते. ते गोठवून चालत नाही आणि शक्यतो एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचावे लागते. तेथे पांढऱ्या पेशी साधारण ७२ तास वाढवून विभाजनाच्या मध्यावस्थेत थांबवतात आणि सामान्यतः २० पेशींतील गुणसूत्रे मोजतात. डीएनए तपासणीसाठी मात्र ईडीटीए असलेल्या नळीतील रक्त वापरले जाते आणि ते तुलनेने अधिक काळ टिकते. नळी चुकली किंवा वाहतुकीत उष्णतेने पेशी मेल्या, तर संपूर्ण प्रवास व्यर्थ जातो.

गर्भजलाच्या तपासणीत आणखी एक धोका असतो. नमुन्यात मातेच्या पेशी मिसळल्या, तर अहवाल गर्भाचा न राहता मातेचा ठरू शकतो. म्हणून गर्भाच्या डीएनए चाचणीबरोबर मातेच्या रक्ताचा नमुना घेऊन दोन्हींची तुलना केली जाते. ही तुलना केल्याशिवाय अहवाल देऊ नये, असा दंडक आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हे ज्यो हिन त्यो व आल्बर्ट लेवान यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले. १९५९ मध्ये जेरोम लेज्यून व सहकाऱ्यांनी डाऊन संलक्षणात २१ वे गुणसूत्र एक जादा असते हे प्रसिद्ध केले. १९६६ मध्ये गर्भजलातील पेशी वाढवून गर्भाची गुणसूत्रे तपासता येतात हे सिद्ध झाले. तोपर्यंत संशोधनाचा विषय असलेली ही शाखा तेव्हापासून रुग्णसेवेचा भाग बनू लागली. १९८० च्या दशकातील पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेने विशिष्ट जनुकाची तपासणी शक्य केली. मानवी जनुकसंच प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाल्यानंतर नव्या पिढीच्या अनुक्रमणतंत्राने एकाच वेळी हजारो जनुके वाचता येऊ लागली.

या प्रगतीबरोबर जबाबदारीचे स्वरूप बदलले. पूर्वी अडचण बदल शोधण्याची होती, आता सापडलेल्या असंख्य बदलांपैकी रोगकारक कोणता हे ठरवण्याची आहे. विद्यापीठातील संशोधक आणि रुग्णाच्या अहवालावर सही करणारा तज्ज्ञ यांच्या प्रशिक्षणात भेद करण्याची गरज यातून पुढे आली.

अमेरिकेतील प्रमाणन

अमेरिकन बोर्ड ऑफ मेडिकल जेनेटिक्स अँड जीनोमिक्स या मंडळाची स्थापना १९८० मध्ये झाली. १९९१ मध्ये त्याला वैद्यकीय विशेषज्ञ मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेचे सदस्यत्व मिळाले. वैद्यकीय पदवीधरांबरोबरच पीएच.डी. धारक शास्त्रज्ञांनाही प्रमाणित करणे हे या मंडळाचे वेगळेपण मानले जाते. त्याच्या प्रमुख शाखा अशा आहेत :

चिकित्सकीय आनुवंशिकी : रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी.
चिकित्सकीय जैवरासायनिक आनुवंशिकी : चयापचयातील जन्मजात दोषांच्या प्रयोगशाळांसाठी.
प्रयोगशाळा आनुवंशिकी व जीनोमिक्स : गुणसूत्रे आणि डीएनए या दोन्ही प्रकारच्या चाचण्यांसाठी.

पूर्वी गुणसूत्रांचा अभ्यास करणारी पेशीआनुवंशिकी आणि डीएनएचा अभ्यास करणारी रेण्वीय आनुवंशिकी या दोन स्वतंत्र शाखा होत्या. तंत्रज्ञानातील सीमारेषा पुसट झाल्यावर २०१७ पासून त्यांचे एकत्रित प्रशिक्षण सुरू झाले.

प्रयोगशाळा शाखेसाठी उमेदवाराकडे वैद्यकीय किंवा शास्त्रातील डॉक्टरेट पदवी असावी लागते. त्यानंतर मान्यताप्राप्त केंद्रात साधारण दोन वर्षांचे अधिछात्र प्रशिक्षण असते. या काळात उमेदवार स्वतः हाताळलेल्या रुग्णांच्या नोंदींची वही ठेवतो. वेगवेगळ्या प्रकारचे नमुने, चाचण्या व निष्कर्ष त्यात यावे लागतात. शेवटी सर्वसाधारण आनुवंशिकीची एक आणि निवडलेल्या शाखेची एक अशा दोन परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. प्रमाणपत्र मिळाल्यावरही ज्ञान अद्ययावत ठेवल्याचा पुरावा वेळोवेळी द्यावा लागतो. अमेरिकेबाहेर पदवी घेतलेल्यांना आपली पदवी तेथील पदवीशी समकक्ष असल्याचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. भारतातील डी.एम. पदवी या प्रशिक्षणाच्या जागी आपोआप ग्राह्य धरली जात नाही.

या प्रमाणपत्राला कायद्याचे पाठबळ १९८८ च्या चिकित्सकीय प्रयोगशाळा सुधारणा कायद्याने मिळते. या कायद्याखालील नियमांनुसार अत्यंत गुंतागुंतीच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेचा संचालक पात्र डॉक्टर, अथवा डॉक्टरेट पदवी असलेला व शासनमान्य मंडळाने प्रमाणित केलेला शास्त्रज्ञ असावा लागतो. शासनमान्य मंडळांच्या यादीत वरील मंडळाचा समावेश आहे. त्यामुळे तेथे पीएच.डी. धारकासाठी हे प्रमाणपत्र केवळ प्रतिष्ठेचे न राहता व्यवसायाची अट ठरते.

इतर देशांतील पद्धती

कॅनडात १९७५ मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय आनुवंशिकीतज्ज्ञांचे महाविद्यालय प्रयोगशाळा शास्त्रज्ञांना परीक्षेद्वारे अधिछात्रत्व देते. ब्रिटनमध्ये चिकित्सकीय शास्त्रज्ञाला शासकीय नोंदणी परिषदेत नाव नोंदवावे लागते. सल्लागार पातळीवर पोहोचण्यासाठी पाच वर्षांचे उच्च विशेषज्ञ प्रशिक्षण आणि रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सची परीक्षा हा मार्ग रूढ आहे. युरोपीय मंडळाने वेगवेगळ्या देशांतील प्रयोगशाळा आनुवंशिकीतज्ज्ञांसाठी सामाईक नोंदणी सुरू केली आहे.

भारतातील शिक्षण व अर्हता

भारतात या क्षेत्रात येण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

वैद्यकीय मार्ग : एम.बी.बी.एस. नंतर बालरोग, वैद्यकशास्त्र किंवा स्त्रीरोग यांसारख्या विषयात एम.डी. किंवा एम.एस. आणि त्यानंतर अतिविशेषज्ञ प्रवेश परीक्षेद्वारे तीन वर्षांचा डी.एम. वैद्यकीय आनुवंशिकी अभ्यासक्रम. लखनौ येथील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था या अभ्यासक्रमाचे देशातील आद्य केंद्र मानली जाते. तेथील विभागाच्या प्रमुखपदी शुभा फडके यांनी दीर्घकाळ काम केले. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, हैदराबादची निझाम आयुर्विज्ञान संस्था व वेल्लोरचे ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय येथेही हे शिक्षण दिले जाते. राष्ट्रीय परीक्षा मंडळामार्फत डीआरएनबी ही समांतर पदवी मिळते. दिल्लीचे सर गंगाराम रुग्णालय हे तिचे एक महत्त्वाचे केंद्र आहे. या अभ्यासक्रमांत रुग्णतपासणी, समुपदेशन व प्रयोगशाळा या तिन्हींचा समावेश असला, तरी त्यांचा गाभा रुग्णतपासणी हाच असतो.

शास्त्रीय मार्ग : मानवी आनुवंशिकी, जैवतंत्रज्ञान, जीवरसायन किंवा प्राणिशास्त्र यांत एम.एस्सी. व पीएच.डी. करून रुग्णालयाच्या किंवा खाजगी प्रयोगशाळेत अनुभव घेणे. देशातील आनुवंशिक चाचण्यांचे बरेचसे दैनंदिन काम या मार्गाने आलेले शास्त्रज्ञ करतात. परंतु त्यांच्या संशोधनकालीन प्रशिक्षणात रुग्णाच्या अहवालाची भाषा, गुणवत्ता नियंत्रण व कायदा यांचा समावेश असेलच असे नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी काही जण परदेशी अधिछात्रवृत्तीचा मार्ग निवडतात. मात्र अमेरिकी प्रमाणपत्र असलेल्या पीएच.डी. धारकाला भारतात त्या आधारावर वैद्यक परिषदेची नोंदणी मिळत नाही.

केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने सप्टेंबर २०१९ मध्ये 'उम्मीद' हा उपक्रम सुरू केला. शासकीय रुग्णालयांत निदान केंद्रे उभारणे, डॉक्टरांना आनुवंशिकीचे प्रशिक्षण देणे आणि निवडक आकांक्षित जिल्ह्यांत गर्भवती स्त्रिया व नवजात बालकांची तपासणी करणे ही त्याची उद्दिष्टे आहेत.

कायदेशीर चौकट

गर्भलिंग निदानाच्या गैरवापराला आळा घालणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. हा राज्य कायदा १९८८ चा होय. केंद्रीय कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. २००३ मध्ये त्यात सुधारणा होऊन गर्भधारणापूर्व लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. या कायद्यात आनुवंशिक समुपदेशन केंद्र, आनुवंशिक चिकित्सालय व आनुवंशिक प्रयोगशाळा अशा तीन संस्थांची व्याख्या आहे. प्रसवपूर्व चाचणी करणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेला समुचित प्राधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागते व ती पाच वर्षांसाठी वैध असते.

'वैद्यकीय आनुवंशिकीतज्ज्ञ' या संज्ञेची व्याख्याही याच कायद्यात आहे. संबंधित क्षेत्रातील आनुवंशिकीची पदवी अथवा पदविका असलेली व्यक्ती, किंवा मान्यताप्राप्त वैद्यकीय अर्हता अथवा जीवशास्त्रीय विषयातील पदव्युत्तर पदवी मिळवल्यावर या क्षेत्रात किमान दोन वर्षांचा अनुभव घेतलेली व्यक्ती, असे तिचे स्वरूप आहे. नियमांप्रमाणे नोंदणीकृत आनुवंशिक प्रयोगशाळेत असा एक तज्ज्ञ व विहित अर्हतेचा एक तंत्रज्ञ असणे आवश्यक असते. या व्याख्येत कोणत्याही परीक्षेची अट नाही. कायद्याचा मुख्य हेतू लिंगनिवड रोखणे हा असल्यामुळे चाचणीच्या शास्त्रीय दर्जाची हमी त्यातून पूर्णतः मिळत नाही.

प्रयोगशाळेने प्रपत्र 'ई' मध्ये नोंदी ठेवणे आणि दरमहा अहवाल पाठवणे बंधनकारक आहे. गर्भजल वगैरे काढण्याच्या चाचणीपूर्वी स्त्रीची लेखी संमती प्रपत्र 'जी' वर, तिला समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते आणि तिची प्रत तिला द्यावी लागते. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही प्रकारे सांगता येत नाही. या तरतुदीचा परिणाम प्रयोगशाळेच्या रोजच्या कामावर होतो. गुणसूत्र तपासणीत लिंग तज्ज्ञाच्या डोळ्यांसमोर असतेच. तरीही प्रसवपूर्व अहवालात लिंगगुणसूत्रांचे चित्र व ती दर्शवणारी अक्षरे वगळली जातात आणि गुणसूत्रांची संख्या व रचना एवढ्यापुरतेच विधान केले जाते. कायद्याच्या उल्लंघनासाठी पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तर पुनरावृत्तीसाठी पाच वर्षांपर्यंत कारावास व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

अहवालावर कोणी सही करावी हा प्रश्न न्यायालयातही गेला. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात भारतीय वैद्यक परिषदेची भूमिका ग्राह्य धरली. त्यानुसार प्रयोगशाळेच्या अहवालावर नोंदणीकृत व विकृतिशास्त्रात पदव्युत्तर अर्हता असलेल्या डॉक्टरची सही आवश्यक ठरली. त्यानंतर केंद्राच्या चिकित्सा आस्थापना नियमांत २०१८ व २०२० मध्ये बदल झाले. त्यांत शास्त्र शाखेच्या पदवीधरांना काही अटींवर सही करण्याची, परंतु वैद्यकीय मत न नोंदवण्याची मुभा देण्यात आली. महाराष्ट्राने हा केंद्रीय कायदा स्वीकारलेला नाही. आनुवंशिक अहवालात आकडा व मत वेगळे करणे अवघड असते, कारण बदलाचा अर्थ लावणे हाच त्याचा गाभा असतो. या मुद्द्यावर वैद्यकीय व शास्त्रीय अशा दोन्ही गटांत मतभेद आहेत.

राष्ट्रीय चाचणी व अंशांकन प्रयोगशाळा मान्यता मंडळ आयएसओ १५१८९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार वैद्यकीय प्रयोगशाळांना मानांकन देते. तपासणीच्या वेळी सही करणाऱ्याची अर्हता व अनुभव पाहिला जातो. हे मानांकन सर्वसाधारणपणे ऐच्छिक आहे.

बदलाचे वर्गीकरण

जनुकातील बदलांचा अर्थ लावण्यासाठी अमेरिकेतील दोन व्यावसायिक संघटनांनी २०१५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि ती भारतातही वापरली जातात. त्यानुसार बदल पाच वर्गांत विभागले जातात : रोगकारक, संभाव्य रोगकारक, अनिश्चित महत्त्वाचा, संभाव्य निरुपद्रवी व निरुपद्रवी. 'संभाव्य' या शब्दासाठी ९० टक्क्यांहून अधिक खात्री अपेक्षित आहे.

यांपैकी अनिश्चित महत्त्वाचा बदल हा वर्ग सर्वाधिक गैरसमजाला कारण ठरतो. अशा बदलाच्या आधारे गर्भपात किंवा शस्त्रक्रिया यांसारखा निर्णय घेऊ नये असे तत्त्व आहे. परंतु अहवालात जनुकाचे व रोगाचे नाव छापलेले पाहून कुटुंब तो निश्चित निकाल समजण्याची शक्यता असते. जागतिक माहितीसंचांत युरोपीय वंशाच्या लोकांचे प्रमाण अधिक असल्यामुळे भारतीयांमध्ये असे अनिश्चित निष्कर्ष तुलनेने जास्त येतात. ही उणीव कमी करण्यासाठी इंडिजेन प्रकल्पात एक हजारांहून अधिक आणि जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचण्यात आले.

महाराष्ट्रातील परंपरा व संस्था

१९५२ मध्ये य. म. भेंडे, चिं. के. देशपांडे, हि. म. भाटिया व सहकाऱ्यांनी मुंबईत एका दुर्मीळ रक्तगटाचा शोध प्रसिद्ध केला. तो 'बॉम्बे रक्तगट' या नावाने जगभर ओळखला जातो. १९५७ मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन झाले. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था ही त्याचीच पुढची अवस्था होय. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया यांच्या निदानात या संस्थेचे कार्य मोलाचे आहे. ल. द. संघवी व व्ही. आर. खानोलकर यांनी १९४९ मध्ये मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजांच्या आनुवंशिक गुणधर्मांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम भारतातील मानवी आनुवंशिकीच्या अभ्यासाचा तो आरंभीचा टप्पा होता.

दुर्मीळ आजारांविषयीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार के.ई.एम. रुग्णालयाला उत्कृष्टता केंद्राचा दर्जा देण्यात आला आहे. अशा केंद्रांमार्फत पात्र रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. त्यासाठी निदान निश्चित असावे लागते, म्हणजेच प्रयोगशाळेचा अहवाल हाच मदतीचा पाया असतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा राज्यातील भर मुख्यतः विदर्भ व नंदुरबारसारख्या आदिवासी भागांवर आहे.

माण व परिसराच्या संदर्भात

माण तालुक्याचे मुख्यालय दहिवडी असून म्हसवड हे त्यातील प्रमुख गाव आहे. पर्जन्यछायेतील या भागात आनुवंशिकीची अतिविशेष सेवा स्थानिक पातळीवर मिळत नाही. संशयित बालक प्रथम बहुधा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला आढळते. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शालेय मुलांची एकदा तपासणी होते. डाऊन संलक्षण, जन्मजात हृदयविकार, दुभंगलेले ओठ-टाळू व जन्मजात बहिरेपणा यांचा त्याच्या यादीत समावेश आहे. तेथून मुलाला ग्रामीण रुग्णालय, जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्र आणि पुढे कराड, मिरज, पुणे किंवा मुंबई येथील मोठ्या रुग्णालयांकडे पाठवले जाते. प्रत्येक टप्प्यावर मजुरीचा दिवस बुडतो. ऊसतोड किंवा अन्य कामासाठी स्थलांतर केलेल्या कुटुंबांचा पाठपुरावा मध्येच खंडित होण्याचा धोका असतो.

नात्यातील विवाह हा या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचा विषय आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्राचे वर्णन उत्तर व दक्षिण यांच्या मधला प्रदेश असे केले. मामाच्या मुलीशी विवाह येथील अनेक समाजांत मान्य आहे. कर्नाटकाला लागून असलेल्या पट्ट्यात मामा-भाचीचा विवाहही आढळतो. आते-मामे भावंडांची एक अष्टमांश जनुके सामाईक असतात, तर मामा-भाचीची एक चतुर्थांश. दोन्ही पालकांकडून एकच सदोष जनुक आल्यासच प्रकट होणाऱ्या अप्रभावी विकारांची शक्यता त्यामुळे वाढते. सर्वसाधारण जोडप्याच्या अपत्यात गंभीर जन्मजात दोषाचा धोका २ ते ३ टक्के असतो. आते-मामे भावंडांच्या विवाहात तो ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजेच अशा बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगी असतात. ही दुसरी बाजूही समुपदेशनात सांगणे आवश्यक मानले जाते, अन्यथा नात्यातील विवाहाला आणि विशेषतः सुनेला दोष देण्याची प्रवृत्ती बळावते.

जन्मजात बहिरेपणा हे याचे एक उदाहरण आहे. भारतात आनुवंशिक बहिरेपणाच्या अनेक कुटुंबांत जीजेबी२ या जनुकातील एक विशिष्ट बदल आढळतो. आईवडील दोघेही ऐकू येणारे, परंतु त्या बदलाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाधित मूल होण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. ड्यूशेन स्नायुक्षयाची गोष्ट वेगळी आहे. तो एक्स गुणसूत्राशी निगडित असून बाधित मुलांच्या सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये सदोष जनुक असते. उरलेल्यांत तो बदल मुलातच नव्याने घडलेला असतो. मातेची वाहक चाचणी चुकीची वाचली गेली, तर तिच्या पुढील अपत्यांबरोबर तिच्या बहिणींच्या संसारांवरही परिणाम होतो.

काळाची मर्यादाही महत्त्वाची आहे. २०२१ च्या सुधारणेनंतर वैद्यकीय गर्भसमापन कायद्यानुसार विशिष्ट प्रवर्गातील स्त्रियांसाठी गर्भपाताची मर्यादा २४ आठवडे आहे. त्यापुढे गंभीर गर्भदोष असल्यास वैद्यकीय मंडळाचा निर्णय लागतो. गर्भजल साधारण १६ व्या आठवड्यानंतर काढले जाते आणि त्यातील पेशींच्या वाढीला दहा ते चौदा दिवस लागू शकतात. सोनोग्राफीत दोष उशिरा दिसला आणि नमुना दूर पाठवावा लागला, तर निर्णयासाठी थोडेच दिवस हाती उरतात.

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ व २०११ या दोन्ही जनगणनांत ९०० पेक्षा कमी होती. त्यामुळे येथे प्रसवपूर्व चाचणीकडे प्रशासन व समाज दोघेही संशयाने पाहतात. हा संशय निराधार नाही. तथापि त्याची झळ वैद्यकीय कारणासाठी कायदेशीर चाचणी हवी असलेल्या कुटुंबालाही बसू शकते. नोंदणीकृत केंद्र, पात्र तज्ज्ञ व पूर्ण नोंदी हे दोन्ही बाजूंचे संरक्षण ठरते.

अहवाल वाचताना पाहावयाच्या बाबी

आनुवंशिक अहवालात साधारणपणे पुढील बाबी असणे अपेक्षित असते : रुग्णाचे नाव व नमुन्याचा क्रमांक, नमुना घेतल्याची व मिळाल्याची तारीख, चाचणीचे कारण, वापरलेली पद्धत, निष्कर्ष, त्याचा अर्थ, चाचणीच्या मर्यादा, पुढील शिफारस आणि सही करणाऱ्याचे नाव व अर्हता. 'दोष आढळला नाही' याचा अर्थ 'दोष नाही' असा होत नाही. गुणसूत्रांच्या तपासणीत एका जनुकातील सूक्ष्म बदल दिसत नाही आणि काही अनुक्रमण चाचण्यांत मोठे लोप किंवा द्विगुणन निसटू शकतात. मूळ अहवाल जपून ठेवणे उपयुक्त असते, कारण अनिश्चित बदलाचे वर्गीकरण काही वर्षांनी बदलू शकते आणि त्याच कुटुंबातील पुढच्या चाचणीसाठी त्याचीच गरज लागते.

मर्यादा व प्रश्न

डी.एम. व डीआरएनबीच्या जागा देशाच्या लोकसंख्येच्या मानाने अत्यल्प आहेत आणि प्रशिक्षित तज्ज्ञ महानगरांत एकवटले आहेत. शास्त्रज्ञांसाठी राष्ट्रीय पातळीवरील सामाईक परीक्षा व नोंदणी नसल्यामुळे एकाच पदनामाखाली वेगवेगळ्या दर्जाचे प्रशिक्षण आढळते. अमेरिकी पद्धत जशीच्या तशी आणल्यास अनुभवी, परंतु अप्रमाणित मनुष्यबळ एकदम बाहेर पडण्याची भीती आहे. दुसरीकडे सध्याची केवळ अनुभवावर आधारलेली व्याख्या जनुकसंच वाचणाऱ्या आजच्या तंत्रज्ञानाच्या आधीच्या काळातील आहे. प्रशिक्षणातील नोंदवही, लेखी परीक्षा व ठरावीक काळाने पुनर्मूल्यांकन या तीन घटकांचा स्वीकार हा यावरील एक मध्यम मार्ग ठरू शकतो. मराठीतील संमतिपत्रे व समुपदेशन साहित्य यांची उणीव हा ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने वेगळा, पण तितकाच निकडीचा प्रश्न आहे.

हे सुद्धा पहा

आनुवंशिकी
गुणसूत्र
डाऊन संलक्षण
थॅलेसेमिया
बॉम्बे रक्तगट
इरावती कर्वे
माण तालुका
माणदेश